मे महिन्यातली बाळंतीण: दूध, रडणं आणि नागपूरचं ऊन

प्रश्न: माझी मुलगी १९ दिवसांची आहे. मानेवाड्याकडे आम्ही अगदी वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब तापतो. जन्मवजन २.८ किलो होतं, चौथ्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा २.६, सतराव्या दिवशी २.९५ भरलं. दिवसा झोपते आणि संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत रडते. दर तासाला अंगावर प्यायला मागते, म्हणून सगळे म्हणतात दूध पुरत नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्या उन्हात चमचाभर पाणी तरी पाजा, घुटी सुरू करा. शेजारच्या काकू डब्याचं दूध आणायला सांगतात. शी सात-आठ वेळा पातळ होते. सर्दी होईल म्हणून आमच्या खोलीत कुलर लावू देत नाहीत. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये जातात. पाजताना मला खूप दुखतं, आणि कारण नसताना रडू येतं. काय करू?

उत्तर:

ताई, तुम्ही तीन वजनं लिहिलीत हे फार बरं केलंत. ‘दूध पुरत नाही’ या वाक्याचं उत्तर त्यांतच आहे. जन्मानंतरच्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. सात टक्के, फार तर दहा टक्के. तुमच्या लेकीचं २०० ग्रॅम उतरलं, म्हणजे सातच टक्के. उतरलेलं वजन दहा ते चौदा दिवसांत भरून यावं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढावं, असा आमचा हिशेब असतो. चौथ्या दिवशी २.६ आणि सतराव्या दिवशी २.९५, म्हणजे तेरा दिवसांत ३५० ग्रॅम. भागून पाहा, रोजचे जवळजवळ २७ ग्रॅम येतात. या तेरा दिवसांत तिच्या पोटात फक्त तुमचं दूध गेलंय. ते पुरतंय.

मी २२ वर्षं नागपुरात लहान मुलांना तपासते आहे. उन्हाळ्यात येणाऱ्या बाळंतिणींपैकी निम्म्याअधिक जणी खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगतात, ‘मॅडम, दूधच नाही येऊन राहिलं.’ विचारलं कशावरून, तर उत्तर एकच, बाळ रडतं. बाळ भुकेनं रडतं हे खरं, पण ते उकाड्यानं रडतं, ओलं झालं म्हणून रडतं, दिवसभर दहा हातांतून फिरून थकलं म्हणून रडतं, आणि पुष्कळदा त्याचं कारण मलाही सांगता येत नाही. म्हणून दुधाचा निकाल रडण्यावरून लावू नका. एक दिवस डायपर काढून ठेवा आणि जुन्या धोतराचे सुती लंगोट बांधा. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत किती लंगोट ओले झाले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट, पाण्यासारखी लघवी होत असेल तर दूध पोटात जातंय. डायपरमध्ये हे कळत नाही, तो सगळं शोषून घेतो. लघवी गडद पिवळी होत असेल, किंवा लंगोटावर विटकरी-नारिंगी डाग दिसत असतील, तर मात्र दूध कमी पडतंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत असे डाग दिसतात, १९व्या दिवशी दिसू नयेत.

आता दर तासाला मागण्याबद्दल. जन्मल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाच्या चमच्याएवढंच दूध मावतं. आठवड्यानंतर ४५ ते ६० मिली, म्हणजे छोट्या वाटीचाही तळच झाकेल एवढं. त्यात आईचं दूध लवकर पचतं. म्हणून २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे सर्वसाधारण झालं. हे बारा वेळा घड्याळ लावून दोन-दोन तासांनी होत नाहीत. दुपारी ती तीन तास झोपेल आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळात चार वेळा मागेल. संध्याकाळचं हे सलग पिणं म्हणजे रात्रीच्या झोपेची तयारी असते, आणि तुमच्या शरीराला तोच निरोप असतो की उद्या थोडं जास्त बनव. दूध मागणीवर बनतं. जेवढं रिकामं होतं तेवढं भरतं. नेमक्या याच वेळी घरातलं कोणी डब्याचं दूध पाजतं, बाळ जड होऊन चार तास झोपतं, सगळे म्हणतात ‘बघा, भूकच होती’, आणि तुमच्या शरीराला तो निरोप पोचतच नाही. दोन आठवडे असं चाललं की दूध खरोखरच कमी होतं. शेजारच्या काकूंचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या मुलीचं वजन पाहता डब्याची काहीही गरज नाही. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी असलेल्या या दुधाच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्यानं आपल्या देशात बंदी आहे. ती उगाच आणलेली नाही.

संध्याकाळच्या रडण्याबद्दल मला तुम्हाला खरं सांगायला हवं. ते अजून वाढेल. बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चढायला लागतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. पोट भरलेल्या, वजन वाढणाऱ्या, तब्येतीनं ठणठणीत बाळांचंसुद्धा असंच होतं. माझा मोठा मुलगा मे महिन्यातलाच. तेव्हा मी बालरोगात पदव्युत्तर शिक्षण घेत होते, दिवसा दुसऱ्यांच्या आयांना हेच समजावत होते, आणि रात्री अकराला त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना मलाही वाटायचं की माझ्याच दुधात काहीतरी कमी आहे. पुस्तकातलं माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या कानाशी बाळ रडत असणं वेगळं. त्या वेळी मला आधार झाला तो माझ्या आईचा. ती काही बोलायची नाही, फक्त हात पुढे करून त्याला घ्यायची.

म्हणून सात ते अकरा ही वेळ तुम्ही एकट्यानं काढू नका. पाजून झालं की दहा मिनिटं उभं धरून ढेकर काढा, मग दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. ऊन पूर्ण उतरल्यावर गॅलरीत किंवा गच्चीवर हवेशीर बाजूला न्या. टीव्ही बंद, दिवे मंद. ओल्या मऊ कापडानं मान, काखा, जांघा पुसून काढा. पुष्कळ बाळं एवढ्यानंच शांत होतात, कारण बिचारी घामानं चिकटलेली असतात. खांद्यावर घेऊन एका लयीत थोपटत काहीही गुणगुणा, सूर कसा आहे याची तिला पर्वा नाही. ग्राइप वॉटर आणि पोटाच्या गॅसचे थेंब नकोत, त्यांनी रडणं कमी होत नाही. आणि एखाद्या रात्री वाटलं की आता डोकं फुटेल, तर तिला पलंगाच्या मधोमध नको, खाली सतरंजीवर किंवा पाळण्यात पाठीवर ठेवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडण्यानं बाळाला इजा होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवल्यानं मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे घरातल्या पुरुषांनाही सांगून ठेवा.

आता पाण्याचं. सासूबाईंना वाटणारी काळजी मी समजू शकते. बाहेर ४५ अंश, आपलाच घसा दर अर्ध्या तासानं कोरडा पडतो, मग एवढ्याशा जिवाला तहान लागत नसेल का? लागते, आणि ती दुधानंच भागते. आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. नवतपाच्या नऊ जळजळीत दिवसांतसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरून पाणी लागत नाही. दिलं तर त्या छोट्या पोटातली दुधाची जागा पाणी घेतं, वजन थांबतं, पाण्यातून जुलाबाचे जंतू जातात, आणि जास्त गेलं तर कोवळ्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही, रक्तातलं मीठ घसरून झटकेसुद्धा येऊ शकतात.

एक बाळ मला विसरता येत नाही. नऊ दिवसांचं होतं, मे महिन्याचा शेवट, अंगात १०२ ताप. जिभेला कोरड, टाळू बसलेली, सकाळपासून लघवी एकदाच. घरच्यांनी तहान लागते म्हणून दर तासाला साखरपाणी दिलं होतं. त्यानं पोट फुगायचं, बाळ अंगावर नीट ओढायचं नाही, आणि न ओढल्यामुळे पान्हाही कमी होत चालला होता. आईला विचारलं, तुम्ही दिवसात किती पाणी पिता? तिनं सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, दोन-तीन पेले. बाळंतिणीनं पाणी जास्त प्यायलं की पोट सुटतं, असं त्या घरात मानत. बाहेर झळा चालू, ती बाई बंद खोलीत, डोक्याला रुमाल बांधून, डिंकाचा लाडू आणि दोन पेले पाणी. बाळाला चार दिवस दवाखान्यात सलाइनवर ठेवावं लागलं, सुदैवानं बरं झालं. तेव्हापासून मी प्रत्येक घरी एकच सांगते. बाळाच्या तोंडात जे घालावंसं वाटतं, ते आधी बाळंतिणीला द्या.

तर तुमच्यासाठी: पाजायला बसताना शेजारी माठातल्या पाण्याचा तांब्या आणि पेला हवाच. खूप पाणी प्यायल्यानं दूध दुप्पट होतं, असं मी सांगणार नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात तहानलेल्या बाळंतिणीला चक्कर येते, डोकं दुखतं, शी कडक होऊन टाक्यांना त्रास होतो, आणि मग पाजायला बसणंच नकोसं होतं. तुमची लघवी फिकट राहील इतकं पीत राहा. ताक, पन्हं, लिंबाचं सरबत, वरणाचं पाणी, सगळं चालतं. ताकानं बाळाला सर्दी होत नाही, आंब्यानं त्याला गळवं येत नाहीत. पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा साधारण ५०० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे दोन वेळच्या जेवणात एक-एक पोळी, वाटीभर वरण आणि मधल्या वेळी काहीतरी. डिंकाचे, मेथीचे लाडू, हळिवाची खीर आवडत असेल तर खा, पण त्यांच्यावर भागवून भाजी-भाकरी सोडू नका. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात. त्या पुष्कळ जणी दवाखान्यातून घरी आल्या की बंद करतात.

कुलर लावा. स्पष्टच लिहिते, कारण दर उन्हाळ्यात मी कुलरनं आजारी पडलेल्या बाळांपेक्षा उकाड्यानं आजारी पडलेली बाळं जास्त पाहते. झोत थेट अंगावर नको, भिंतीकडे वळवा. समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, नाहीतर हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि खोली चिकट होते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा, डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. एसी असेल तर २६ ते २८ वर. बाळाच्या अंगात एकच पातळ सुती झबलं. टोपडं, मोजे, वरून दुपट्यात घट्ट गुंडाळणं, हे थंडीतलं सगळं मे महिन्यात काढून ठेवा. हात-पाय गार लागतात म्हणून घाबरू नका, या वयात ते गारच असतात. छाती आणि मानेची मागची बाजू चाचपून पाहा, तिथे घाम आला असेल तर कपडे जास्त झाले. तुमचं घर वरच्या मजल्याचं आहे, तर संध्याकाळी गच्चीवर पाणी मारता येईल का, स्लॅबवर पांढरा चुना किंवा हिरवी जाळी घालता येईल का, ते घरातल्या पुरुषांना पाहू द्या. दुपारी बारा ते चार या वेळात घरातली जी खोली सगळ्यात थंड आहे ती बाळ-बाळंतिणीची, मग ती दिवाणखाना का असेना. घामोळ्या आल्या तर साध्या पाण्यानं पुसणं आणि हवा हाच उपाय. पावडर नको, तिचे कण श्वासातून छातीत जातात.

पाजताना दुखतं, याकडे मी सगळ्यात आधी लक्ष देईन, कारण आया याच कारणानं पाजणं सोडतात आणि याचं दुरुस्तीकाम सोपं असतं. पहिले काही सेकंद ओढ लागणं ठीक. पूर्ण वेळ दुखत असेल, निपल बाहेर येताना चपटं किंवा चिरलेलं दिसत असेल, तर बाळानं फक्त टोक पकडलंय. पाठीला उशी लावून टेकून बसा, वाकून बाळाकडे जाऊ नका, बाळाला छातीकडे आणा. तिचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. निपल तिच्या वरच्या ओठाला घासा आणि थांबा. ती जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडेल, त्याच क्षणी जवळ ओढा. हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि निपलभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूनं जास्त तोंडात गेलेला. नीट लागलं की टचटच आवाज येत नाही, गिळण्याचा हलका आवाज येतो. चुकलं तर खेचून काढू नका, तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घाला, पकड सुटेल, पुन्हा लावा. पहिल्या दिवशी दहा वेळा करावं लागेल. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब निपलवर चोळून हवेवर वाळू द्या. दोन दिवसांत उतार नसेल तर जिथे बाळंतपण झालं तिथल्या अनुभवी सिस्टरसमोर बसून पाजा. हे फोनवर जमत नाही, पाहावं लागतं. स्तनात लाल, गरम, दुखरी गाठ आणि तुम्हाला ताप असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नका.

शी सात-आठ वेळा, पिवळी, मोहरीचे दाणे असल्यासारखी पातळ? मग ते जुलाब नाहीत. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी अशीच असते. महिन्या-दीड महिन्यानं हीच बाळं चार-पाच दिवस शी करत नाहीत, आणि मऊ झाली तर तेही ठीक. रक्त दिसलं, किंवा शी पांढुरकी, मातीसारखी फिकट दिसली, तर दाखवा. कावीळ पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळांना होते आणि दोन आठवड्यांत जाते. तुमची मुलगी १९ दिवसांची आहे, अजून डोळे पिवळे असतील तर रक्त तपासून घ्या, आणि त्यासोबत शी फिकट असेल तर एक दिवसही थांबू नका. पित्तनलिका बंद असण्याचा आजार क्वचित असतो, पण त्याचं ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर फायदा होतो. कावीळ उतरायला मे महिन्याच्या उन्हात बाळ ठेवणं मात्र अजिबात नको.

उचक्या, शिंका, झोपेत दचकणं, कातडीची सालं निघणं, छातीला छोट्या गाठी, मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून थोडं लाल जाणं, पिऊन झाल्यावर थोडंसं दूध बाहेर येणं, यातल्या कशालाही औषध लागत नाही. छातीच्या गाठी दाबून ‘दूध काढायचं’ नाही, त्यानं पू होतो. बेंबी कोरडी ठेवा, तिच्यात तेल, हळद, राख काही घालू नका. नाळ पडून गेलेली असेलच. बेंबीभोवती लाली किंवा वास असेल तर दाखवा.

घुटीचं काय? वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, खारीक, बदाम, सहाणेवर दोन-दोन वळसे उगाळून चाटवायचं. माझ्या आजीनं मला दिली होती आणि मी बरी आहे, असं प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतं. मी त्या प्रेमाचा अनादर करत नाही. पण वळशांनी औषधाचं माप ठरत नाही, जायफळ-वेखंड जास्त गेलं तर बाळ गुंगून पडतं, सहाण आणि पाणी दोन्ही निर्जंतुक नसतात, आणि त्यात मध असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. नाका-कानात तेल नको. बंद खोलीत ओवा-धूप घालून निखाऱ्यांची धुरी तर कधीच नको, त्या धुरानं बाळ आणि आई दोघंही गुदमरतात. मालीश आवडीनं करा, हलक्या हातानं, खोबरेल तेलानं, सकाळी ऊन चढायच्या आत, आणि कणकेच्या गोळ्यानं लव घासू नका. बाळाला रोज वरून द्यायची एकच गोष्ट आहे, ड जीवनसत्त्वाचे थेंब, दिवसाला ४०० युनिट, वर्षाचं होईपर्यंत. बाटलीवर किती थेंबांत ४०० येतात ते कंपनीगणिक बदलतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

घरात एक डिजिटल थर्मामीटर ठेवा. बाळाच्या काखेत ताप ९९.५ च्या वर दिसला तर कपडे हलके करा, थंड खोलीत आणा, पाजा आणि अर्ध्या तासानं पुन्हा पाहा. तरी उतरला नाही, किंवा केव्हाही १००.४ झाला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. या वयात तापाचं औषध घरी देऊन सकाळची वाट पाहायची नसते. बाळ प्यायला उठतच नाही, हाक मारून, तळवे चोळूनही सुस्त पडून राहतं, शांत असताना मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास घेतं किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतो, हिरवी उलटी होते, झटके येतात, अंग थंड पडतं, तळहात-तळपाय पिवळे होतात, आठ-दहा तास लघवी नाही, तर १०८ ला फोन करा किंवा मेडिकल, मेयो, एम्स या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे निघा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत.

श्वास मोजणं, ताप पाहणं, वजन लिहिणं हे घरच्या घरी होतं यावर माझा विश्वास आपल्याच विदर्भानं बसवला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या बायकांना हेच शिकवलं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुमच्याकडे आशाताई येतात ते त्याच कामातून उभं राहिलेलं आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी यायच्या असतात. परवा २१वा दिवस आहे, त्यांना दारातून परत पाठवू नका.

आता तुमचं रडू. हे मी शेवटी लिहिते आहे, पण तुम्ही ते दुय्यम समजू नका. बाळंतपणानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे भरून येणं फार जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. तुमचे १९ दिवस झाले आहेत. बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, जेवावंसं वाटत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, आपण वाईट आई आहोत असं सारखं वाटतं, यातलं काही असेल तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, तर त्याच दिवशी मिस्टरांना सांगून दवाखान्यात जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही एकदा तपासून घ्या, दोन्हींमुळे असं वाटू शकतं.

आणि झोप. तुम्हाला २४ तासांत एकदा तरी, फक्त पाजण्यापुरतं उठून, चार तास झोप मिळालीच पाहिजे. मिस्टरांची दिवसपाळी असेल तर रात्री नऊ ते एक बाळ त्यांचं, रात्रपाळी असेल तर घरी येऊन झोपून उठल्यावर संध्याकाळचं त्यांचं. भूक लागली की तुमच्याजवळ आणायचं, पाजलं की घेऊन जायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं यासाठी दूध लागत नाही. पहाटे पाच ते आठ ही वेळ सासूबाईंना मागा. त्या तशाही लवकर उठत असतील, आणि घुटी नको म्हटल्यावर रिकामे झालेले त्यांचे हात नातीला घ्यायला आसुसलेलेच असतील. त्यांच्याशी वाद घालू नका. पाणी-घुटी बंद हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून सांगा, राग माझ्यावर येऊ द्या.

आणखी पाच दिवसांनी, चोवीसाव्या दिवशी, गेल्या वेळच्याच काट्यावर झबलं काढून पुन्हा वजन करा. ३.१ च्या आसपास असेल तर सगळं आहे तसंच चालू ठेवा. ३ च्या खाली राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांसमोर बसून पाजा. जाताना सासूबाईंना सोबत न्या, बाळ त्यांच्या हातानंच काट्यावर ठेवू द्या, आणि आकडाही त्यांनाच मोठ्यानं वाचू द्या.